गेटवर नोंद नसलेली हवा

गाडी घरून निघताना खोकते,
इथे पोचेपर्यंत ठणठणीत.
नाचणेकाका तिसऱ्यांदा दारूखान्यात आले,
तिसऱ्यांदा ओशाळले.
"सकाळी बघा हो. सकाळी ही अशी नसते."

दोन हजार चारची कोरोला, चंदेरी.
शिवडीत एकाने प्लग बदललेले, एकाने कॉइल,
भायखळ्याला थ्रॉटल बॉडी धुतली, इंजेक्टर धुतले,
वर म्हणाला, बॉक्स बसवतो,
आयडलला पेट्रोल वाढवून देतो, प्रश्नच मिटला.
सगळी बिलं काकांनी पंच करून फाइलला लावलीत,
तारीखवार.

लतीफभाई पारकर चहात खारी बुडवत होते.
"भोकाला भाकरी चारू नये," म्हणाले.
"आणि गरम गाडी खोटं बोलते.
ठेवून घे रात्रभर."

म्हणून मी गॅरेजात झोपले,
दोन टायर, एक गोधडी,
खाडीचा वास, आणि कुठेतरी रात्रपाळीत
जहाजाचा पत्रा कापणारा गॅस.
सव्वापाचला उठले. जानेवारी, सतरा अंश,
मुंबईच्या मानाने कडाक्याची थंडी.
बॉनेटवर हात ठेवला. गार.

चावी फिरवली.
आणि ती खोकली, काकांची शपथ खरी करत.
काटा नऊशेवर, सहाशेवर, पुन्हा नऊशेवर,
आरसा थरथरतोय,
स्कॅनरवर ट्रिम चढतोय:
अकरा, अठरा, चोवीस.
म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल ओततोय, ओततोय,
आणि सायलेन्सरजवळचा सेन्सर सांगतोय,
कोरडं, अजून कोरडं.
अडीच हजारांवर रेस धरली:
चोवीसचे चार झाले.
पंप नाही मग. फिल्टर नाही.
पंप दमला असता तर रेसमध्ये जास्त रडला असता.

काका साडेपाचलाच हजर, मफलर बांधून.
पोर्ट ट्रस्टमध्ये एकतीस वर्षं टॅली क्लार्क.
त्यांना मी त्यांच्याच भाषेत सांगितलं:
"तोंडाशी एक सेन्सर बसलाय, आत जाणारी हवा मोजतो.
तो जेवढी लिहितो तेवढ्याचंच पेट्रोल सुटतं.
आयडलला माल थोडा, त्यामुळे चोरटा माल डोळ्यात भरतो.
रेसमध्ये ढिगाऱ्यात लपतो."
काका बराच वेळ इंजिनाकडे बघत राहिले.
"म्हणजे गेटवरचा माणूस प्रामाणिक आहे," म्हणाले.
"भिंत फुटलीय."

सात मिनिटं मिळतात.
मग लोखंड तापतं, प्लास्टिक फुगतं, फट आपोआप मिटते
आणि गाडी पुन्हा साळसूद.
ब्रेकचा पाइप चिमटला, काही नाही.
पीसीव्हीचा पाइप चिमटला, काही नाही.
क्लीनरची बारीक नळी घेऊन
मॅनिफोल्डच्या कडेने गेले, थेंबाथेंबाने,
एक नंबर, दोन नंबर,
तिसऱ्याच्या खाली
आवाज अचानक सरळ झाला.
खोकणाऱ्याला कुणी पाणी द्यावं तसा.
चोवीसचे नऊ.
नळी काढली, पुन्हा खोकला.
पुन्हा मारलं. पुन्हा सरळ.
लतीफभाई पालथ्या डब्यावरून उठलेसुद्धा नाहीत,
फक्त मान हलवली, आवाजाकडे कान करून.

गॅस्केट निघालं ते चिंचोक्याइतकं कडक.
वीस उन्हाळ्यांनी दबून चपटं,
रबर असल्याचं विसरलेलं.
नवं ऑपेरा हाऊसच्या दुकानातून आणलं,
बोल्ट मधून बाहेर, आडवेतिडवे, बेताने आवळले.
काकांनी जुनं गॅस्केट मागून घेतलं.
त्यालाही पंच केलं असेल,
मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला फोन.
हॅलो नाही, काही नाही.
काकांनी फोन बॉनेटवर धरला होता.
दूधवाल्याच्या क्रेटचा खणखणाट, एक कुत्रा,
आणि त्याखाली ती,
एका पट्टीत, सातशेच्या आसपास.
मी अंथरुणात डोळे मिटून ऐकत राहिले.
फॅनबेल्ट किंचित कुरकुरत होता.
ते आज नको, म्हटलं.